ताईंची अक्का

टीव्हीवर माझ्या बहिणीची फजिती चालली होती, आणि मी आवाज वाढवला.

चर्चेला चारजण एका बाजूला आणि मालू एकटी. पुण्याची एक वकीलबाई तिला बोलूच देत नव्हती. "आमदारबाई, सज्ञान मुलीनं लग्नासाठी बापाची सही आणायची, मग मत द्यायला जाताना कुणाची आणायची?" मालूनं तोंड उघडलं की निवेदक दुसऱ्याकडं वळायचा. खाली लाल पट्टी पळत होती. तिच्यात मालूचंच वाक्य: 'चार भिंतींत जिला सुख सापडत नाही, तिला सगळं जग दिलं तरी सापडणार नाही.' महिला मेळाव्यात ती हे बोलली होती आणि गेला आठवडाभर ते महाराष्ट्रभर फिरत होतं. कुठं मोर्चे निघाले होते, कुठं पुतळा जाळला होता.

"बारीक कर की तो आवाज," हे ओसरीवरून म्हणाले. "फाडून खातायत बिचारीला."

"असू दे. सगळ्यांची तोंडं बंद करणारी गप्प बसलेली कशी दिसते ते बघू दे जरा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना माझं हे दुखणं माहीत झालं होतं. औषध नव्हतं, म्हणून ते बोलत नसत.

मालू म्हणजे विजयमाला रणनवरे, आमच्या हिरजगाव मतदारसंघाची तीन वेळची आमदार. सगळा तालुका तिला 'ताई' म्हणायचा. पोरंटोरं म्हणायची, ऐंशीची म्हातारी म्हणायची, पोलीस अधिकारीसुद्धा म्हणायचा. मी तिच्याहून दोन वर्षांनी थोरली. पण माझी ओळख करून देताना लोक म्हणायचे, "ह्या ताईंच्या अक्का."

आमचे आबा पंचायत समितीचे सभापती होते. घरात मुलगा नाही, आम्ही दोघी बहिणी. मी दहावीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली आणि त्याच आठवड्यात खराडे मंडळी मला बघायला आली. पसंती झाली. "आता सासरच्यांना काय वाटेल? कशाला स्टेजवर उभी राहतेस," आबा म्हणाले. माझं भाषण मालूनं पाठ केलं. जिल्ह्याला तीच गेली आणि ढाल घेऊन आली. मी हळदीच्या अंगानं तिला ओवाळलं.

मग मी खराड्यांच्या मोठ्या खटल्यात येऊन पडले. सासू, चुलतसासू, दीर, नणंदा, गडीमाणसं. मालू दिली रणनवऱ्यांच्यात. तिचा सासरा साखर कारखान्याचा संचालक. मालूचा नवरा अपघातात गेला तेव्हा ती पुरती तिशीचीही नव्हती. पुढं काही वर्षांनी सासऱ्यानं तिला विधानसभेला उभं केलं. त्याला वाटलं होतं, सून सही करील, कारभार आपण करू. मालूनं पहिल्याच वर्षी त्याला घरी बसवलं.

तिनं कामं केली, हे मी नाकारत नाही. पदर खोचून गावठी दारूचे अड्डे बंद केले. मुलींच्या वसतिगृहासाठी मंत्र्याच्या दारात धरणं धरलं. पण पेपरात यायचं ते दुसरंच. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातलं नाटक 'आपल्या संस्कारात बसत नाही' म्हणून तिनं मधेच बंद पाडलं. शाळेतल्या मुलींच्या हातात मोबाईल नको, असं सभागृहात म्हणाली. आणि आता हे विधेयक, की नोंदणी पद्धतीच्या लग्नाला आईबापांची सही असावी. मुंबईच्या पेपरांत तिची व्यंगचित्रं यायची. नऊवारी नेसलेली, हातात लाटणं. मालूनं जन्मात नऊवारी नेसली नव्हती, आणि लाटणं तर तिच्या हातात मी कधी बघितलंच नव्हतं.

तिच्या प्रत्येक सभेला मी जायचे. पहिल्या रांगेत माझी खुर्ची असायची. ती बोलायला लागली की मला वाटायचं, इथं थांबायला हवं होतं, हा शब्द नको होता, शेवट आणखी चढवायला हवा होता. घरी येऊन भाकरी थापताना तेच भाषण मी मनात पुन्हा करायचे. आणि ते तिच्यापेक्षा चांगलं व्हायचं. दर वेळी.

टीव्हीवरची चर्चा संपायच्या आत दारात दोन गाड्या थांबल्या. पोपटराव खलाटे आत आले. ते पक्षाचे जिल्हाध्यक्ष. आमच्या घरी याआधी एकदाच आले होते, सासऱ्यांच्या दहाव्याला.

चहा झाला. पोपटरावांनी कप खाली ठेवला आणि ह्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, ताईंचं तिकीट कापलंय. वरूनच निर्णय झालाय. या वक्तव्यानं शहरातल्या जागा हातच्या जातील अशी वरच्यांना धास्ती आहे. आता आम्हाला त्यांच्याच घरातला चेहरा पाहिजे. बाई पाहिजे आणि डाग नको. तुम्ही उभ्या राहा."

"हिला?" हे म्हणाले. त्यात वाईट काही नव्हतं, नुसतं नवल होतं. पण मला ते झोंबलं.

"मला का नको?" मी म्हटलं.

"नको कुठं म्हणालो? तू ग्रामपंचायतीच्या पायरीलाही कधी…"

"वहिनींचं वक्तृत्व चांगलं आहे असं ऐकून आहे मी," पोपटराव मधेच म्हणाले.

कुणाकडून ऐकलं, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं दुसरंच. "मालूला माहीत आहे?"

पोपटराव बशीतल्या चहाच्या थेंबाकडं बघत राहिले. "त्यांचं आम्ही बघतो. तुमचा होकार द्या."

"विचार करून सांगते," मी म्हटलं. पण विचार कसला! पोपटरावांच्या गाड्या वळायच्या आत मी आरशासमोर होते. अर्ज भरायला कोणती साडी नेसायची, पहिलं वाक्य काय बोलायचं, सगळं मनात ठरत होतं. आणि त्या सगळ्याच्या मागं, खरं सांगायचं तर, मालूचा चेहरा होता. बातमी कळल्यावरचा. तो मी पुन्हा पुन्हा बघत होते. जत्रेत मिळालेलं खेळणं पोर उशाशी घेऊन झोपतं, तसं त्या चेहऱ्याचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालू आली. गाडी स्वतः चालवत. बरोबर अंगरक्षक नाही, कार्यकर्ते नाहीत. अंगावर साधी सुती साडी. मी मनातल्या मनात कंबर कसली. आता ही रडेल, आबांची शपथ घालील, 'अक्का, माझ्या पोटावर पाय देऊ नको' म्हणेल. काय उत्तर द्यायचं तेही माझं तयार होतं.

ती थेट स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. "भाजी कसली आहे? वाढ मला."

"पोपटराव आले होते," मी म्हटलं.

"माहीत आहे. हो म्हणालीस ना?"

माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली.

"खलाट्यांच्या सुनेचं नाव चाललं होतं," मालू म्हणाली. "वरून मला विचारलं, तुम्ही बंड करणार नसाल तर तुमच्या पसंतीचं नाव द्या. मी म्हटलं, माझी अक्का. माझ्यापेक्षा चांगली बोलते."

जे मी तिच्या हातून ओढून घ्यायला निघाले होते, ते तिनंच माझ्या ओंजळीत टाकलं होतं. मला राग आवरेना. मी तिचं ताट वाढलं आणि जरा आपटूनच समोर ठेवलं.

"तुझं उष्टं नको मला."

"उष्टं?" मालूनं वर बघितलं. "ते आधी तुझंच होतं ना? जन्मभर तेच म्हणत आलीस."

"मी कधी म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंस. पण मी बोलायला उभी राहिले की पहिल्या रांगेत तुझे ओठ हलतात, अक्का. स्टेजवरून सगळं दिसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे फक्त माझ्यापाशी आहे. त्या लाजेतून मी उलटीच उसळले.

"मग हेही सांग. ते चार भिंतींचं कुणाबद्दल बोललीस?"

"तुझ्याबद्दल."

भाकरी मोडता मोडता ती सरळ म्हणाली.

"चांगलंच बोलले मी," मालू म्हणाली. "माझ्या डोळ्यासमोर दर वेळी हेच घर असतं. मी कुठल्या तरी विश्रामगृहात थंडगार चपाती खात असते, पोरगं वसतिगृहात, फोनवर सेक्रेटरी. आणि तू इथं. दाजी, मुलं, सुना, गरम आमटी. मला वाटायचं, हिला काय कमी आहे? बायकांनी हे सोडून कशाला धावावं? मी लोकांना तुझं घर सांगत फिरले, अक्का."

"मला विचारलंस कधी?"

"काय?"

"सुख सापडलं का म्हणून. गावोगाव सांगत फिरलीस, एकदा ह्या पाटावर बसून मला विचारायचं होतंस. मी पहिल्या रांगेत बसायचे आणि माझी धाकटी बहीण माईकवरून सगळ्या तालुक्याला सांगायची, की ही जिथं आहे तिथंच बरी आहे. आबांनी एकदाच दार लावलं. तू दर सभेला लावत होतीस."

मालूच्या हातातला घास ताटात परत गेला. ती उठली, हात धुतला, आणि दारात थांबून म्हणाली, "तर मग उभी राहा. मी दिलं म्हणून नको राहू. पण राहा."

मी राहिले. उष्टं म्हणून झिडकारायला जीव झाला नाही. एवढी भूक मला होती.

पहिली सभा हिरजगावच्या बाजार समितीच्या पटांगणात ठेवली. आठवडी बाजाराचा दिवस, उन्हं कलती. पटांगण शिगोशीग भरलं होतं. स्टेजवर मधल्या खुर्चीत मी, डावीकडं पोपटराव, उजवीकडं मालू. खालच्या बाजूला हे नवा सदरा घालून बसले होते आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. आधी उमेदवार बोलेल, शेवटी ताई, असं ठरलं होतं.

माझं नाव पुकारलं. मी उठले. भाषण तोंडपाठ होतं, प्रत्येक विराम ठरलेला होता. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसरं बोलताना पहिलं वाक्य पलीकडच्या कर्ण्यातून परत माझ्याकडं आलं. तो आवाज माझा वाटेना. बारीक, घाईचा, शाळेतल्या बाईंसारखा. मी आवाज चढवला तर तो चिरकला. उतरवला तर मागची माणसं कानाला हात लावायला लागली.

मी पाण्याच्या योजनेवर बोलले, रस्त्यावर बोलले, दवाखान्यावर बोलले. एक शब्द चुकला नाही. पुढच्या बायका माझ्याकडं बघून मान डोलवत होत्या, आणि मान डोलवता डोलवता बाजाराच्या पिशवीतली कोथिंबीर निवडत होत्या. एक म्हातारा पाण्याकडं निघाला, त्याच्यामागं आणखी दोघं. कुणी हुर्यो केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सगळे सभ्यपणे माझं भाषण संपायची वाट बघत होते. आपल्या घरच्या थोरल्या बाईचं ऐकून घ्यावं, तसं ते माझं ऐकून घेत होते. मी शेवटी 'आपल्या लाडक्या ताई' म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा टाळ्या पडल्या.

मी खाली बसले.

मालू उठली. माईकसमोर गेली आणि नुसतीच उभी राहिली. पाण्याकडं गेलेला म्हातारा वळला. कोथिंबिरीवरचे हात थांबले.

"जेवून आलाय का?" ती म्हणाली.

पटांगण हसलं. मग ती बोलायला लागली. काय बोलली? विशेष काहीच नाही. मी बोलले त्याच योजना, तेच रस्ते. पण माणसं पुढं सरकून बसली. तिनं आवाज खाली आणला की सगळी सभा त्याच्यामागं खाली वाकायची. मी पहिल्यांदाच तिला मागून बघत होते. आणि पहिल्यांदाच मला कुठंही वाटलं नाही, की इथं थांबायला हवं होतं, हा शब्द नको होता. जिथं हवं तिथंच ती थांबत होती.

तेवढ्यात मागून एक तरणी बाई उठली. कडेवर पोर होतं. "ताई, एक विचारू का? चार भिंतींत सुख असतंय म्हणलासा. मग तुमच्या अक्का भिंती सोडून हितं कशाला आल्या?"

सभेत खसखस पिकली. पोपटरावांनी कपाळाला हात लावला. पंधरा वर्षांत मालूनं कुठलंही वक्तव्य मागं घेतलं नव्हतं. टीव्हीवाल्यांनी घेरलं, पक्षानं नोटीस काढली, पुतळे जळले, तरी एक शब्द नाही.

मालूनं माईक जरा खाली ओढला. मग म्हणाली, "बाई, तुझा प्रश्न बरोबर आहे. लग्नाला आईबापांना विचारावं, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही, तिकीट गेलं तरी नाही. पण भिंतींचं माझं चुकलं. मी भिंती बाहेरनं बघितल्या होत्या. आत कोण होतं त्याला मी विचारलंच नाही. ज्यांना माझं बोलणं लागलं असंल, त्या समद्या बायांची माफी मागते. पहिली माझ्या अक्काची."

आणि ती वळली आणि भर सभेत माझ्या पाया पडली.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाजारातले बैल बुजले. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. ती प्रश्न विचारणारी बाईसुद्धा रडत होती. सगळे माझ्याकडं बघत होते, म्हणून मीही डोळ्यांना पदर लावला. पदराआड मी काय विचार करत होते म्हणून सांगू? हिची माफीसुद्धा माझ्या भाषणापेक्षा सरस झाली.

परतताना आम्ही दोघी एकाच गाडीत होतो. उसाच्या रानांवर ऊन उतरलं होतं.

"छान बोललीस, अक्का," मालू म्हणाली.

"खरं सांग."

"खरंच."

"मालू, लोकांना गंडवतेस तसं मला गंडवू नको."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "पाठ केल्यासारखं झालं."

"लहानपणीही असंच बोलायचे का गं मी? की आता झालं हे? इतकी वर्षं न बोलून?"

गाडी पुलावरून गेली. मालू बाहेर बघत होती. "आठवत नाही," ती म्हणाली.

ते तिला आठवत होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण तिनं सांगितलं नाही, आणि दुसरं कुणी सांगणारं उरलं नव्हतं. माझं काही चोरीला गेलं होतं, की चोरीला जाण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच, हे मला कधी कळणार नव्हतं. भाकरी थापताना मनात केलेली ती सगळी भाषणं त्या एका सभेत संपली.

मी निवडून आले. थोड्या मतांनी, आणि ती मतं मालूची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाच वर्षं विधानसभेत बसले. बोलायची वेळ आली की लेखी प्रश्न द्यायचे, मंत्र्यांच्या मागं लागून कामं करून घ्यायचे. तसली कामं मला जमली, त्यात मालूपेक्षा मी कमी पडले नाही. तिचं विधेयक कधी चर्चेला आलंच नाही. पुढच्या खेपेला पक्षानं तिलाच तिकीट दिलं, आणि मी आनंदानं नाही, पण कुरकुर न करता तिच्या प्रचाराला फिरले.

पण त्या संध्याकाळी गाडीत आणखी एक बोलणं झालं. घर जवळ आलं होतं. मी शेवटी विचारलंच.

"ते तू थांबतेस कशी गं? पहिलं वाक्य बोलायच्या आधी? मला सांग तरी."

मालू माझ्याकडं वळली. जन्मात पहिल्यांदा मी तिच्याकडं काही मागत होते. तिनं त्याचा जराही तोरा केला नाही.

"समोर एखादी बाई हेरायची," ती म्हणाली. "जिला घरी जायची घाई झालीय अशी. फक्त तिच्याशी बोलायचं. ती थांबली की सगळी सभा थांबते."

"आज कुणाला हेरलंस?"

"आज?" मालू जरा घुटमळली. "आज ती समोर नव्हती. माझ्या मागं खुर्चीत बसली होती. तिच्याकडं पाठ करून, तिच्याशीच बोलले मी सगळं."

मी तिचा हात हातात घेतला आणि घट्ट धरला. आणि त्याच क्षणी मनात आलं, हेसुद्धा किती सुंदर बोलली ही! आणि माझं ते जुनं दुखणं पुन्हा उठलं.